दाजींचं कौसलीन

आमच्या दाजींसमोर कुणाचं बोट कापलं की त्यांना आनंद होतो. थट्टा नाही, खराखुरा आनंद. एकदा अक्काच्या स्वयंपाकघरात मी विळीवर कैरी चिरायला बसलो होतो. कैरी निसटली आणि अंगठा सापडला. मी "आई गं" म्हणून ओरडलो, तर बाहेरच्या खोलीतून दाजी पळत आले. चेहरा असा फुललेला, की मला वाटलं यांच्या घरी पाहुणे आले.

"कापलं? कितीक खोल हाय? वा! पुसू नको. सुभाष, तुला शपथ हाय माझी, पुसू नको!"

त्यांच्या हातात दोन बारक्या बाटल्या होत्या. जखमेच्या एका टोकाला एकीतला थेंब लावला, दुसऱ्या टोकाला दुसरीतला, आणि चष्मा कपाळावर सरकवून माझ्या अंगठ्यावर वाकून बसले. थोड्या वेळानं रक्त थांबलं. दाजींचा चेहरा पडला.

"दोन्हीकडून संगच थांबलं की रे. एकीत तर नुसतं पाणी होतं. तुझं रक्त आपोआप थांबायलंय. तुझा काय उपयोग न्हाई."

सख्ख्या मेव्हण्याला असं बोलणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी रोज पाहतो. मानवतला माझं मोटारपंप आणि पाइपांचं दुकान आहे आणि दाजींचं घर दुकानापासून हाकेच्या अंतरावर. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कौसल्याअक्काचे यजमान. इथल्याच एका कॉलेजात त्यांनी जन्मभर केमिस्ट्री शिकवली. रिटायर झाल्यावर कुणी देवदेव करतं, कुणी शेती बघतं, कुणी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून सरकार पाडतं. दाजींनी पाला धरला.

पाला म्हणजे दगडीपाला. बांधावर, रस्त्याच्या कडेला, कुठंही उगवतो. लांब दांडा आणि त्यावर बारकं फूल. खुरपताना हात कापला की बायका तो चुरगाळून जखमेवर रस पिळतात. मेंढी कातरताना कातर लागली तर धनगरही तेच करतात. रक्त थांबतं. एवढं आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दाजींना पुढचं हवं होतं. पाल्यात रक्त थांबवतो तो नेमका कोण? ते 'कोण' असंच विचारायचे. 'काय' नाही.

"पाल्यात नुसती गर्दी हाय, सुभाष. हिरवा रंग हाय, मेण हाय, साखर हाय, खार हाय. काम एखादाच करायलाय, बाकीचे नुसते हजेरीला. त्या एकाला गर्दीतून भाईर काढायचा. एकटा गाठायचा."

"आणि गाठून करणार काय?"

"नाव ठेवणार," दाजी म्हणाले. "नवा पदार्थ काढला की त्याचं नाव ठेवायचा हक्क काढणाऱ्याचा. मग तमाम दुनिया त्याला त्याच नावानं वळखती."

मी मनात म्हटलं, आलं लक्षात. म्हातारपणी माणसाला पुस्तकात नाव यावंसं वाटतं. वाटो बिचाऱ्याला. कुणी देवळाच्या पायरीवर नाव कोरून घेतं, हे पाल्यावर कोरतायत.

पण ही गर्दी पाल्यापुरती राहिली असती तर ठीक होतं. लग्नाच्या पंगतीत दाजी शेजारी बसले की कानात कुजबुजणार, "ह्या लग्नात काम करणारा एकच हाय. तो वरण वाढणारा बग. बाकी गर्दी." एकदा माझ्या दुकानात आले. मी गल्ल्यावर, दोन नोकर काउंटरवर. तिघांकडं आळीपाळीनं बघून म्हणाले, "ह्यातला एकटा गाठायचा झाला तर कोण निघंल रे?" नोकर खाली बघून हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

अक्काचा चहासुद्धा सुटला नाही. "तू लय उकळायलीस. पत्तीतली समदी गर्दी खाली उतरली. आर्क असा काढत नसतेत."

"मग नुसतं पाणी प्या," अक्का म्हणाली. "पाणी एकटंच असतंय."

अक्काची जीभ अशी आहे. दाजींच्या अख्ख्या खोलीभर बाटल्या, पण तिच्या तोडीचं जालीम काही त्यात नव्हतं.

पाला गोळा करायला दाजी बोरीला जायचे. बोरी आमचं मूळ गाव, तिथं चुलतभावांची शेती आहे. दाजी एसटीनं जाणार, पोतं घेऊन बांधाबांधानं वाकून पाला उपटणार. शेतकऱ्यांना काय, फुकट निंदणी! "सर, आमचं बी रान ऱ्हायलंय," म्हणून लोक लांबून हाका मारायचे. एक जण तर, "सर, पाल्यासंगं तेवढी हराळी बी घ्या की, लय औषधी असती," म्हणाला. दाजींनी खरंच अर्धं पोतं हराळी उपटली. घरी आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला बनवलं.

मग पोतं गच्चीवर. अक्काची जुनी लुगडी अंथरून पाला सावलीत वाळवायचा, अक्काच्या मिक्सरमध्ये दळायचा, अक्काच्या बरणीत स्पिरिटमध्ये भिजवायचा, अक्काच्या चक्क्याच्या फडक्यातून गाळायचा. फडकं हिरवं झालं, मिक्सर हिरवा झाला, एकदा श्रीखंडही जरा हिरवं झालं. दाजी म्हणाले पिस्ता समजून खा. गाळलेलं आटवलं की खाली काळपट हिरवा चिकटा राहायचा, गाडीच्या वंगणासारखा. एवढा पोतंभर पाला, आणि हाताशी वाटीभर वंगण. स्पिरिटचा वास गल्लीभर. गल्लीत बातमी उठली की सर घरी दारू गाळतात. एक हवालदार चौकशीला आला. दाजींनी त्याला बसवून घेतलं, गर्दी समजावून सांगितली, आणि त्याच्या ढोपराला खरचटलेलं दिसल्यावर इतके खूश झाले, की तो बिचारा चहा अर्धा टाकून पळाला.

चिकटा झाला की खरा खेळ सुरू. बांगडीएवढ्या तोंडाची उभी काचेची नळकांडी, तिच्यात पांढरी भुकटी दाबून भरलेली. वर चिकट्याचा थर द्यायचा आणि त्यावरून थेंब थेंब स्पिरिट सोडत राहायचं. गर्दी खाली चालू लागते. पण प्रत्येकाची चाल वेगळी. पिवळा पुढं, हिरवा मागं, कुणी जागेवरच बसलेला. खाली बाटल्या बदलत राहायच्या, म्हणजे ज्याचा तो वेगळा पडतो. दाजी समोर स्टूल टाकून बसायचे. लोक क्रिकेट बघतात तसे दाजी ते बघायचे. मधूनच ओरडायचे, "पिवळा निघाला! पिवळा निघाला!" रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटायचं, घरातून कुत्रं सुटलं.

स्पिरिटची मोठी बाटली उंच टांगायला जागा हवी होती. मधल्या खोलीच्या छताला एक लोखंडी कडी होती. घर बांधलं तेव्हा स्लॅबमध्ये बसवून घेतलेली, पाळण्यासाठी. पाळणा काही टांगला गेला नाही. अक्का-दाजींना मूलबाळ नाही. दाजींनी त्या कडीला बाटली टांगली.

बाटलीपासून नळकांडीपर्यंत एक नळी लागत होती. रविवार होता, माझं दुकान बंद. दाजींनी काय करावं? कूलर उघडला आणि त्याच्या पंपाची नळी काढून घेतली. मे महिना! आमच्या परभणी जिल्ह्यात मे महिन्यात माणूस चूल न पेटवता भाजी शिजवू शकतो. अक्का सोमवारी दुपारी दोन वाजता डोक्यावर ओला पंचा टाकून माझ्या दुकानात आली आणि पंख्याखाली बसली.

"सुभ्या, तुझ्या दाजीच्या पाल्याला थंडगार चालायलंय. मी मात्र भाजायले."

मी तिला तेवढीच नवी नळी कापून दिली. दुसऱ्या दिवशी अक्का पुन्हा पंख्याखाली. जुनी नळी आखूड पडत होती म्हणे, म्हणून दाजींनी नवीही जोडून घेतली. तो सबंध उन्हाळा अक्कानं माझ्या दुकानात काढला. गिऱ्हाइकांना पंपाचे भाव तीच सांगायला लागली, आणि खरं सांगतो, तिच्यापुढं कुणी घासाघीस करायला धजावलं नाही.

आता एक सांगायचं राहिलं. दाजींना अर्क काढायचा नाद पहिल्यापासून होता. कधी लिंबोळी, कधी हळद. पण इतर सगळं सोडून ते एका दगडीपाल्याच्या मागं लागले ते बोरीच्या बारशानंतर. आमच्या चुलतभावाला मुलगा झाला होता. बारशात नाव कोण ठेवतं? आत्या. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. आमच्या सगळ्या भावकीत थोरली आत्या अक्का. माझ्या दोन्ही पोरींची नावं तिनंच ठेवलीत. ती बोरीलाही नवं लुगडं नेसून, पदर खोचून पाळण्याशी उभी राहिली. तर तिथल्या एका म्हातारीनं सगळ्यांसमोर हाक मारली, "लेकराबाळाची बाई कोण हाय, ती या म्होरं." आणि अक्काला बाजूला सारून बाळाच्या धाकट्या आत्याला उभं केलं. मला असा संताप आला, की मी तिथंच भांडण उकरलं असतं. पण अक्कानंच माझा हात दाबला, हसली, आणि पाळण्याचं गाणं म्हणणाऱ्या बायकांत जाऊन बसली. सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता. दाजी मांडवात घुगऱ्यांचा द्रोण हातात धरून बसले होते. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला नाही.

असो. पोळ्याच्या सुमारास एका सकाळी दाजी दुकानात आले. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्यात अक्काची.

"गाठला! सुभाष, एकटा गाठला!"

काचेच्या एका बारक्या पट्टीवर थेंब टेकवून ते तपासायचे. गर्दी असली की पट्टीवर ठिपकेच ठिपके दिसायचे. आज एकच ठिपका होता. बाटलीच्या तळाशी तेलासारखा, बिनरंगाचा, नितळ असा जेमतेम चमचाभर पदार्थ. दाजींनी दाढी करताना मुद्दाम गाल कापून घेतला होता आणि तो लावल्यावर रक्त थांबलं होतं. दाढीचं रक्त थुंकी लावली तरी थांबतं, पण हे त्यांना कोण सांगणार? इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर माझा अंगठा कापला तेव्हाही पाहिला नव्हता.

संध्याकाळी ओट्यावर गल्ली जमली. पेढे झाले. मी म्हटलं, "दाजी, आता नाव सांगा." मला वाटलं, त्यांचं नाव दिगंबर, तेव्हा दिगंबरीन वगैरे काढतील.

दाजींनी खाली बघितलं. पेढ्याचा कागद घडी घालत म्हणाले, "कौसलीन."

उभ्या संसारात दाजींनी अक्काला 'अगं ऐकलं का' याच्या पलीकडं हाक मारली नव्हती. मी तरी तिचं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही गल्लीसमोर. अक्का लाजली की काय कोण जाणे, पण तिनं जीभ चालवलीच.

"व्हॅसलीनवानी वाटायलंय. हिवाळ्यात टाचंला लावायचं का?"

सगळे हसले. अक्का आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मग जो चहा आला, त्यात साखर दोनदा पडली होती.

दाजींची एक जुनी विद्यार्थिनी आहे, सुनीता. पलीकडच्या गल्लीत तिचं माहेर. ती हैदराबादला एका औषधांच्या प्रयोगशाळेत असते. गौरीसाठी आली होती, तिच्याकडं दाजींनी त्यातला थोडा पदार्थ दिला. मोठ्या मशीनवर बघून ती सांगणार, की हा नवाच आहे. मग त्यावर शिक्का. तेव्हापासून दाजींची बोलीच बदलली. "कौसलीन थंडीत गोठायचं न्हाई," "कौसलीनला उजेड लागू देऊ नका," "कौसलीन कुठाय?" दिवसभर कौसलीन, कौसलीन. अक्का वरवर म्हणायची, "डोकं उठवलंय मेलं," पण मधल्या खोलीच्या कवाडापाशी तांदूळ निवडत बसायची. पूर्वी स्पिरिटच्या वासानं ती तिकडं फिरकायची नाही.

दिवाळीला सुनीता आली. मी फराळाला तिथंच होतो. अक्का आत चकल्या पाडत होती. सुनीतानं दाजींच्या पाया पडून पदराशी चाळा करायला सुरुवात केली, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"सर, पदार्थ शुद्ध आहे. इतका शुद्ध, की आमचे साहेब म्हणाले, घरी बसून हा कुणी काढला?"

"पण?" दाजी म्हणाले. शेवटी मास्तर. पोराच्या तोंडावरून उत्तर चुकलंय ते कळतं.

"पण नवा नाही, सर. आणि... पाल्यातला पण नाही." तिचे डोळे भरले. "प्लॅस्टिकची नळी मऊ राहावी म्हणून कारखान्यात तिच्यात एक तेल घालतात. ते आहे. नळीतून स्पिरिट गेलं की ते सुटून येतं. मोठमोठ्या लोकांचं होतं असं, सर."

दोघांनीही माझ्याकडं बघितलं. आता बोला! "माझ्याकडं काय बघता?" मी म्हटलं, "नळी एक नंबर क्वालिटीची होती!"

कुणी हसलं नाही. दाजी उठले, कोपऱ्यातल्या कूलरपाशी गेले. उन्हाळा संपल्यावर त्यावर पोतं टाकलेलं होतं. पोतं बाजूला करून, जिथली नळी काढली होती तिथं बोट फिरवत उभे राहिले.

"पुन्हा बघितलं होतंस?"

"बघितलं, सर. तुम्हीच म्हणायचात, वाईट निकाल पुन्हा पुन्हा बघायचा."

"पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगायचो मी," दाजी म्हणाले, "स्पिरिटच्या वाटंत प्लॅस्टिक आणू नका. अन् मीच..." मग ते कूलरवरच टेकले. "सुनीता, मला पुस्तकात यायचं नव्हतं बग. बोरीच्या बारशाला ही पदर खोचून पाळण्याजवळ हुबी होती. नाव ठेवायचा हक्क हिचा होता. त्यांनी हिला बाजूला केलं, अन् ही गाणं म्हणत बसली. मला घास गिळवंना. म्हटलं, आपल्या घरात नाव ठेवायला काय हाय? आपल्याला जे येतंय त्यातून काढू. एक तर काढू. पोरं पाठ करतील, परीक्षेत लिहितील, कौसलीन म्हणजे काय ते. आपल्या माघारी बी नाव ऱ्हाईल हिचं."

मी मेव्हणा, पण इतकी वर्षं मी या माणसाला पाल्याचं वेड लागलंय असं समजत होतो. समोरची चकली उचलून कुरकुर चावत बसलो.

अक्का केव्हाची दारात उभी होती. हातात चकलीचा सोऱ्या, पिठानं भरलेली बोटं. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं दाजींकडं बघितलंच नाही, सुनीताला विचारलं, "बाई, हे प्लॅस्टिक कुजत न्हाई म्हणतेत. खरं का?"

सुनीता गोंधळली. "हो... म्हणजे, लवकर नाही कुजत."

"पन्नास-शंभर वर्षं?"

"तेवढं तर सहज टिकतं, काकू."

"मग झालं की!" अक्का दाजींना म्हणाली. "पाला आठ दिसात वाळून जातोय. ह्याच्यातच नाव ऱ्हाईल. कामून तोंड पाडायलाव सणासुदीचं?"

आधी सुनीताला हसू फुटलं, मग मला, आणि मग कूलरवर बसलेले दाजी असे हसायला लागले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. डोळे पुसणं जरा जास्तच वेळ चाललं. अक्कानं पिठाच्या हातानं त्यांच्या पुढ्यात चकल्यांची ताटली सरकवली.

दाजी जरा सावरले. म्हणाले, "काचंची नळी मागवतो. परत पयल्यापासून काढतो. ह्या खेपंला खरा गाठला की त्याला कौसलीन ठेवतो. हे टाकून दे."

ते बाटलीकडं हात नेणार, तोच अक्कानं ती उचलून पदराखाली घेतली.

"टाकून दे म्हणे! हिचं नाव झालंय. गल्लीला पेढे वाटलेत. एकीचं नाव काढून दुसरीला देतेत व्हय कुठं? दुसरं हुईल, त्याला दुसरं ठेवू."

"दुसरं काय ठेवायचं?"

"ते तुमी न्हाई ठेवायचं," अक्का म्हणाली. "ते मी ठेवीन."

आता काचेची नळी आली आहे. मधल्या खोलीतल्या कडीला पुन्हा बाटली टांगली आहे. कूलरला मी नवी नळी बसवून दिली आणि दाजींना हात लावू नका म्हणून बजावलंय. कौसलीनची बाटली अक्काच्या शोकेसमध्ये माझ्या पोरींच्या फोटोशेजारी ठेवलेली असते. हळदीकुंकवाला आलेल्या बाया विचारतात, ह्यात काय हाय, तर अक्का म्हणते, "आमचं हाय ते," आणि वाण देते. दाजी पोतं घेऊन बोरीच्या बांधावर वाकलेले असतात. परवा मी अक्काला विचारलं, दुसऱ्याचं नाव ठरवलंस का?

"कव्हाच," ती म्हणाली.

"मग सांग की."

"येडा हाय का सुभ्या? बारशाच्या आधी सांगतेत व्हय?"